उशिरा येणाऱ्यांसाठी

चैत्र सरत आला की जळगावात रस्त्याच्या कडेला डांगरांचे ढीग लागतात. खरबुजाला आमच्या खानदेशात डांगर म्हणतात. उन्हात तापलेल्या सालीचा तो गोड, जरा जास्तच पिकल्यासारखा वास नाकात गेला की माझं घरातलं लक्ष उडतं. आखाजी आली. इतरांसाठी अक्षय्य तृतीया म्हणजे सोनं घ्यायचा दिवस असेल, आमच्याकडे ती लेकींची असते. सासरी गेलेल्या मुली त्या चार दिवसांत माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, खापरावरची पुरणपोळी आमरसात बुडवून खातात आणि भर उन्हात गल्लीभर अनवाणी हिंडतात. कोणी त्यांना काही म्हणत नाही. ऊन असं असतं की डोळे उघडे ठेवणं हेच एक काम होऊन बसतं.

मी शाळेत शिकवते. निकाल लागले, सुट्टी लागली की बॅग भरायची आणि धुळ्यावरून माहेरची, साक्रीची गाडी धरायची, हे इतकी वर्षं चाललंय. यंदाही बॅग भरली, पण भरताना हात सारखा थांबत होता. गेल्या थंडीत हसननाना गेले. त्यांच्याशिवायची ही पहिली आखाजी.

हसननाना आमच्या गल्लीतले फोटोग्राफर. घराणं पिंजाऱ्यांचं. त्यांचे वडील कापूस पिंजून रजया भरायचे. पिंजणाच्या तातीचा, त्या ताणलेल्या दोरीचा, टंग टंग आवाज मला अजून आठवतो, आणि तिच्याभोवती उडणारा कापूस. त्या घरातल्या माणसांच्या भुवयांवर, पापण्यांवर कायम पांढरं काहीतरी बसलेलं असायचं. नाना त्या धुक्यातच वाढले. म्हणूनच त्यांना स्पष्ट दिसणाऱ्या गोष्टींची ओढ लागली की काय, असं मला कधीकधी वाटतं. तरुणपणी कुठल्याशा यात्रेत एक फिरता फोटोवाला धंदा गुंडाळून गावी परत निघाला होता. नानांनी त्याला दोन नव्या रजया दिल्या आणि त्याचा जुना कॅमेरा घेतला.

शिकवणारं कोणीच नव्हतं. पहिला रोल त्यांनी भर उन्हात अंगणात उघडून पाहिला, फोटो आले का म्हणून. सगळा रोल गेला. दुसराही गेला. कोणीतरी सांगितलं, अंधारात उघडायचा असतो. मग त्यांनी घरामागच्या खोलीची दारं-खिडक्या वडिलांच्या रजयांनी झाकल्या. वडील संतापले. "मन्या रजाया लोकेस्ले ऊब देवाकरता शेतस," ते गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "तुनं अंधारं करवाकरता नहीत!" हा किस्सा नाना स्वतःच सांगायचे, वडिलांच्या आवाजात, आणि सांगून झाल्यावर बराच वेळ हसत राहायचे.

त्याच अंधाऱ्या खोलीत मी आणि नसी लहानपणी तासन्‌तास बसलो आहोत. नसी म्हणजे नसीम, नानांची एकुलती एक मुलगी, माझ्याच वयाची. बल्बवर पतंगाचा लाल कागद गुंडाळलेला असे. औषधाचा आंबट वास डोक्यात जायचा. स्टीलच्या परातीत नाना कोरा कागद सोडायचे आणि परात हळूहळू हलवायचे. त्या पाण्यातून माणूस वर यायचा. आधी केस यायचे, मग भुवया, मग डोळे. गाल आणि कपाळ सगळ्यात शेवटी, अगदी नाइलाज झाल्यासारखे. कोणाचा फोटो आहे ते आधी कोण ओळखतं, अशी आमची पैज असायची. नसी नेहमी जिंकायची. तिला नुसत्या भुवयांवरून माणूस कळायचा.

पुढे बसस्टँडजवळ, सुरतेकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर, त्यांचा स्टुडिओ झाला. फोटो काढताना नाना कधी कोणाला 'हसा' म्हणाले नाहीत. ते काहीतरी भलतंच विचारायचे. "तुनी गाय व्यायनी का रे?" माणूस गाईचा विचार करू लागायचा, तिची काळजी किंवा तिचा आनंद चेहऱ्यावर यायचा, आणि तेवढ्यात खटका वाजायचा. साक्रीतल्या कित्येक घरांत भिंतीवर जे चेहरे लागलेत, ते गाईचा, विहिरीच्या पाण्याचा, नाहीतर पिंपळनेरला दिलेल्या बहिणीचा विचार करणारे चेहरे आहेत. म्हणून ते अजून जिवंत वाटतात.

आणि आखाजीचा फोटो. तो कधी सुरू झाला, गल्लीत कोणालाच सांगता येत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, नाना तिवई खांद्यावर टाकून लिंबाखाली यायचे. माहेरी आलेल्या सगळ्या मुली रांगेत उभ्या राहायच्या. नव्यानं लग्न झालेल्या पुढे, लेकुरवाळ्या मागे. नाना प्रत्येकीला तिच्या वडिलांच्या नावानं हाक मारायचे. एखादी लाजत सासरचं आडनाव सांगू लागली की ते मान हलवायचे, "आठे ते नाव नही चालस. आठे तू मन्या गल्लीनी पोर शे." मग फोटोची एकेक प्रत ज्या-त्या घरी पोचायची. मुली सासरी परत गेल्यावर आया तो फोटो काढून बघत बसायच्या. माझी आई धान्याच्या कोठीवर तो ठेवायची. कोठीतून दाणे काढताना दिवसातून एकदा तरी तो दिसतो म्हणून.

नसीचं लग्न सुरतेला झालं, माझं जळगावला. साक्रीचं स्टँड मधोमध. एकाच रस्त्यानं आम्ही दोघी माहेरी यायचो, ती पश्चिमेकडून, मी पूर्वेकडून. ज्या वर्षी माझी गाडी आधी लागे त्या वर्षी मी स्टँडवरच थांबायची, ज्या वर्षी तिची आधी लागे त्या वर्षी ती. आखाजी आमची, ईद तिची, पण नसी दोन्हीला यायची. झोका सगळ्यांत उंच तिचाच जायचा. पिवळ्या ओढणीचं टोक दातांत धरून ती पायांनी जोर द्यायची, आणि लिंबाची फांदी करकरली की खाली आया ओरडायच्या. "कुसी," ती मला म्हणायची, "सुरतमा लिंबच नहीत व. झोका बांधू कठे, लाइटना खांबाले?"

लग्नानंतर काही वर्षांनी तिला दिवस राहिले. सगळे खूश होते. जैनबअक्का, तिची आई, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवत होती. पोळ्याच्या सुमारास सुरतेहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, नसीला कावीळ झालीय, दवाखान्यात ठेवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा निरोप आला.

नाना आणि अक्का मिळेल त्या गाडीनं निघाले. कोंडाईबारीच्या घाटात ट्रक उलटला होता. पाऊस लागलेला, पुढेमागे गाड्यांच्या रांगा, उतरून चालत जावं तर जायचं कुठं. दिवस घाटातच गेला. ते सुरतेला पोचले तेव्हा लोक कब्रस्तानातून परत येत होते. जावयाच्या हातांना ओली माती होती. सासरच्यांनी थांबता येईल तेवढं थांबून पाहिलं होतं. कोणाची चूक नव्हती, हे नाना स्वतःच येईल-जाईल त्याला सांगत राहिले. कोणाची चूक असती तर कदाचित त्यांना सोपं गेलं असतं.

सगळ्या तालुक्याचे चेहरे पाहिलेल्या माणसाला आपल्या मुलीचा चेहरा शेवटचा पाहता आला नाही.

पुढची आखाजी आली. नाना येतील असं आम्हाला कोणालाच वाटलं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. धुतलेला सदरा, खांद्यावर तिवई. आम्ही मुली रांगेत उभ्या राहिलो. नानांनी तिवई रोवली, कॅमेरा चढवला, वाकून डोळा लावला. बराच वेळ ते तसेच वाकलेले होते. कोणी हललं नाही, लहान मुलंसुद्धा. मग ते सरळ झाले, कॅमेरा उतरवला आणि कोणाकडेही न बघता म्हणाले,

"आज उजेड नही शे."

वैशाखातली सकाळ होती. पांढऱ्या भिंतींकडे बघवत नव्हतं, पत्रे चमकत होते, आमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं इतका उजेड होता. माझ्या आईनं पुढे होऊन तिवई घडी करायला हातभार लावला. नाना निघून गेले. तो फोटो त्यानंतर कधी निघाला नाही.

दुकानातली त्यांची खुर्ची आधी रस्त्याकडे तोंड करून असायची, येणारी-जाणारी गाडी दिसावी म्हणून. त्या पावसाळ्यात त्यांनी ती फिरवून घेतली. पाठ रस्त्याला.

लोक म्हणाले, हसननाना संपले आता. पण ते संपले नव्हते. त्यांनी जे सुरू केलं ते गावाला समजायला वेळ लागला. पूर्वी कोणाच्या घरी मयत झाली की कधीकधी त्यांना फोटोसाठी बोलावणं यायचं आणि ते नाखुशीनं जायचे. आता ते बोलावल्याशिवाय जाऊ लागले. घर हिंदूचं असो, मुसलमानाचं असो, वरच्या पाड्यावरच्या आदिवासीचं असो. कॅमेरा पिशवीत ठेवून ते अंगणाच्या कडेला उभे राहायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्याला हळूच एकच गोष्ट विचारायचे, "कोन येवानं बाकी शे?"

सगळी आली असली की नाना हात जोडून परत फिरायचे. पण कोणाची मुलगी नाशिकहून निघालेली असे, कोणाचा भाऊ फौजेत असे, कोणाची नात परीक्षेत अडकलेली असे. मग नाना परवानगी मागायचे. कोणाला तरी चादर नीट करायला सांगायचे, कपाळावर आलेले केस बाजूला करायला सांगायचे, गर्दीला जरा सरकवून खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येऊ द्यायचे. फोटो काढून झाला की निघून जायचे. काही घरांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. एका म्हाताऱ्यानं अपशकुनी म्हणून शिवी दिली. नाना ऐकून घ्यायचे. फोटो ते स्वतःहून कोणाला दाखवायचे नाहीत. जो मागेल त्याला द्यायचे. काही जण दुसऱ्याच दिवशी आले, काही वर्षा-दोन वर्षांनी आले. काही कधीच आले नाहीत.

हे सगळं मला ऐकून माहीत होतं. आई गेली तेव्हा कळलं.

ज्येष्ठाची सुरुवात होती, पावसाचा पत्ता नव्हता. मी प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते. सकाळी प्रकाशचा, माझ्या भावाचा, फोन आला. मिळाली ती गाडी धरली. सगळा रस्ता मी खिडकीच्या गजाला डोकं टेकवून बसले होते. साक्रीत उतरले तेव्हा उन्हं कलली होती. आमच्या घराचं अंगण धुतलेलं होतं. दारात प्रकाश उभा होता, डोक्यावरचे केस ओले.

"थांबता आलं नाही ताई," तो म्हणाला. "इतकं ऊन... लोक म्हणाले आता नको."

मी पिशवी त्याच्या हातात दिली. रडले नाही. बायका गळ्यात पडत होत्या आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, जणू त्यांचीच आई गेली होती. आत जाऊन आईची खाट बघितली, कोठी बघितली, ताक घुसळायची रवी बघितली. मला राहून राहून वाटत होतं की ती शेतात गेलीय आणि हे सगळे लोक काहीतरी चुकीचं बोलतायत.

तिसऱ्या दिवशी सावडून झाल्यावर माझे पाय आपोआप स्टुडिओकडे वळले. नाना पाठ करून बसले होते. माझ्या पावलांच्या आवाजानं वळले. मला स्टुलावर बसवलं, समोरून चहा मागवला. पंखा घरघरत होता.

"फोटो दखना शे का, पोरी?" त्यांनी विचारलं.

मी नाही म्हणाले.

"बरं," नाना म्हणाले. "घाई नही."

चहा आला. मी तो प्यायले. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "द्या नाना."

तोवर रोलचे दिवस संपले होते, दुकानात कंप्युटर आला होता. पण नानांनी तो फोटो कागदावर काढून ठेवलेला होता. "हातमा धर," ते म्हणाले, "आनि सावकाश दख." माझ्या हातात देऊन ते पुन्हा पाठ करून बसले.

आई होती. खिडकीच्या बाजूचा गाल उजळलेला, कुंकू ठसठशीत, केस मागे सारलेले. तिच्या तोंडाचा उजवा कोपरा किंचित आत ओढलेला होता. लहानपणी आमचा खोडकरपणा बघून खोटं खोटं रागावताना तो तसाच व्हायचा. तेवढ्या कोपऱ्यानं मला फोडलं. मी किती वेळ रडले मला माहीत नाही. दुकानात एक गिऱ्हाईक आलं, नानांनी हातानंच त्याला परत पाठवलं.

मी शांत झाल्यावर ते भिंतीकडे बघतच बोलले. नसी गेल्यानंतर तिचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

"नसीले मी दखं नही. इतला सालं व्हयनात, तरी माले वाटस ती सुरतमाच शे. गाडी उनी की मन उठस. मानूसनं तोंड दखनं पडस, पोरी. नहीतं मरेल मानूस मरत नही. घरभर हिंडत ऱ्हास."

मी उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो थोपटला, जसं मी तीन दिवस बायकांना थोपटत होते.

मग मोबाइल आले. साक्रीतलं पोरसोरसुद्धा फोटो काढू लागलं. लग्नात आकाशातून उडते कॅमेरे फिरू लागले. स्टुडिओत पासपोर्टच्या फोटोंपुरतं कोणी येई, नंतर तेही कमी झालं. पण मयतीच्या घरी नाना जातच राहिले, अगदी काठी घेऊन चालायला लागेपर्यंत. आता कोणी त्यांना अपशकुनी म्हणत नव्हतं. उलट उशीर झाला तर लोकच विचारायचे, हसननाना आले नाहीत का अजून. आखाजीला मी गेले की संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसायची. अक्का आतून शेंगा भाजून आणायची. नसीचा विषय निघायचा नाही, पण जाताना अक्का माझ्या पिशवीत दोन कैऱ्या टाकायची, आणि त्या कोणाला आवडायच्या ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

गेल्या थंडीत प्रकाशचा सकाळी फोन आला. या खेपेला मी जळगावातच होते आणि आता रस्ता रुंद झालाय. मी वेळेवर पोचले. गल्ली माणसांनी भरलेली होती. आतल्या खोलीत बायकांनी मला वाट करून दिली. नानांना आंघोळ घालून पांढऱ्या कापडात ठेवलं होतं, चेहरा उघडा. मी खाली बसले आणि डोळे भरून बघितलं. मग पुरुष आत आले.

परवा आखाजी झाली. गल्लीत झोके आहेत, पण दोर नायलॉनचे. मुली झोक्यावर बसून एका हातानं मोबाइल धरतात, हसतात, लगेच बघतात. मला त्यांचा राग येत नाही. सुंदर दिसतात पोरी. दुपारी सगळं सामसूम झालं तसं मी अक्काकडे गेले. बसस्टँडचं दुकान नानांच्या पुतण्यानं भाड्यानं दिलंय, तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. अक्का त्या पुतण्याच्याच घरी असते, आतल्या गार खोलीत, खाटेवर. काचबिंदूनं तिचे डोळे नेले त्याला काही वर्षं झाली. आता तिला उजेड आणि सावली तेवढी कळते.

"कोन, कुसी का?" आवाज ऐकून ती म्हणाली. "कव्हय उनी?"

मी खाली फरशीवर तिच्या पायाशी बसले. प्रकाशच्या पोरांची चौकशी झाली, माझ्या गुडघ्याची झाली. पुतणसून पाणी ठेवून गेली. मग अक्कानं डोकं भिंतीला टेकवलं. मला वाटलं, तिला डोळा लागला. मी उठायला लागले तशी तिनं माझा हात धरला.

"त्या दिशी तू व्हती ना? त्यास्नं तोंड दखं व्हतं ना तू?"

"दखं व्हतं, अक्का."

"मंग सांग माले. बठ्ठं सांग. माले कोनीच सांगत नही, मी इचारं की रडाले लागतस."

मी सांगू लागले. नाना किती गोरे दिसत होते. दाढी पांढरीशुभ्र, धुतलेली. कपाळावर नमाजाचा डाग तसाच होता, पण आठ्या गेलेल्या. गाल जरा बसलेले. ओठ मिटलेले. मी जमेल तितकं सावकाश सांगत होते, कारण अक्कानं डोकं माझ्या दिशेनं कलतं केलं होतं आणि ती एकेक शब्द ऐकून घेत होती.

"डोया?" स्वतःच्या डोळ्याला बोट लावून तिनं विचारलं. "डोया मिटेल व्हतात का?"

"व्हतात."

"पुरा?"

"पुरा, अक्का. दोन्ही. झोपेल मानूससारखा."

तिच्या हाताची पकड सैल झाली.

"मीच मिटात," ती म्हणाली. "त्या टाइमले घरमा दुसरं कोनीच नव्हतं. श्वास थांबी गया, तो माले कानवर समजी गया. मंग बोटवरी चाचपीसन डोया मिटात. तवयपास्नं मनमा एकच. माले दिसस नही, एखादा उघडा तं नही ऱ्हायना? लोकेस्नी तसाच दखा का काय त्यास्ले?"

"नही अक्का. दोन्ही मिटेल व्हतात. मी जवयथून दखात."

तिनं मान हलवली. पदर ओढून तोंडावर घेतला आणि ती रडू लागली, आधी हळू, मग मोठ्यानं. मी उठून दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ खाटेवर बसले.